सिगारेट सोडून व्हेप: विषारी रसायनांचा हिशेब कसा मांडायचा

सिगारेट ओढणाऱ्याला व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, एकच आकडा हवा असतो: किती टक्के कमी घातक? पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ साली ‘सुमारे ९५ टक्के कमी घातक’ असं म्हटलं आणि तेव्हापासून तोच आकडा सगळीकडे फिरतो आहे. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, कुठल्या यंत्रावर मोजलेली गोष्ट नव्हे. प्रत्यक्ष मोजायला गेलं की चित्र विखुरतं. एका रसायनात सिगारेट आणि व्हेपमधला फरक नऊ पट निघतो, दुसऱ्यात साडेचारशे पट, आणि शिशाच्या बाबतीत काही उपकरणं सिगारेटलाही मागे टाकतात. त्यामुळे एका टक्केवारीवर विसंबू नका. आपल्यापुरता हिशेब मांडायचा कसा, ते पुढे दिलं आहे.

आधी तुलना कशाशी, ते ठरवा

जो रोज सिगारेट किंवा विडी ओढतो, त्याची तुलना धुराशी. ज्याने कधीच ओढली नाही, त्याची तुलना साध्या हवेशी, आणि तिथे व्हेप प्रत्येक वेळी हरतो. कॉलेजातला मुलगा ‘सिगारेटपेक्षा बरी’ म्हणून व्हेप सुरू करतो तेव्हा तो चुकीच्या रकान्यातला आकडा वाचत असतो.

तिसरा गट महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि या चर्चेत त्याचं नावही निघत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. तंबाखू-चुना, खर्रा, मावा, गुटखा, मशेरी अशी धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के होते. तंबाखू मळणाऱ्याच्या फुप्फुसात धूर जातच नाही. त्याने व्हेप घेतला तर तोंडाचं दुखणं तसंच राहतं आणि वर फुप्फुसाची नवी वाट उघडते. त्याने पुढचे व्हेपचे भाग वगळून थेट ‘भारतात काय करायचं’ या भागातल्या निकोटिन गमकडे जावं.

धुरात काय असतं, व्हेपमध्ये काय

झुरका घेताना सिगारेटचं जळतं टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्या आगीत पान, कागद, साखर, मसाला सगळं अर्धवट जळतं आणि ७,००० हून अधिक रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरेक कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. कार्बन मोनॉक्साइड, डांबर, बेंझीन, ब्युटाडाइन ही मुख्यतः जाळण्याची पैदास. निकोटिन व्यसन लावतं, पण फुप्फुसाच्या कर्करोगाचं मुख्य कारण ते नव्हे. ‘लाइट’ सिगारेटने इथे काही वाचत नाही. तिच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, त्यातून यंत्र पातळ धूर ओढतं आणि पाकिटावरचा आकडा उतरतो. माणूस मात्र तीच भोकं बोटांनी किंवा ओठांनी झाकतो आणि झुरका लांबवतो.

विडीला लहान समजू नका. टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही आणि विडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते. तिच्यात तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त मिळतं. ‘हर्बल’ सिगारेटमध्ये निकोटिन नसतं, पण पाला जळतोच, त्यामुळे डांबर आणि मोनॉक्साइडही आलंच. हुक्क्यात पाण्याने धूर थंड होतो, गाळला जात नाही, आणि कोळशाचा मोनॉक्साइड वेगळा.

व्हेपमध्ये काही जळत नाही, निदान जळू नये. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, कापसाच्या वातीतलं लिक्विड उडवते आणि त्याच्या बारीक थेंबांचं धुकं छातीत जातं. लिक्विडमध्ये चार गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरिन, निकोटिन आणि स्वाद. मोनॉक्साइड आणि डांबर जवळजवळ नसतं. सिगारेटवर व्हेपची सरशी होते ती मुख्यतः इथेच.

व्हेपमधलं विष चार वाटांनी येतं. फाजील तापलेलं लिक्विड मोडून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन अशी अल्डिहाइड गटातली विषारी रसायनं होतात, धातूचे भाग झिजून लिक्विडमध्ये उतरतात, स्वादातली काही द्रव्यं पोटाला चालतात पण फुप्फुसाला चालत नाहीत, आणि चौथी वाट भेसळीची.

आकडे कसे वाचायचे

२०१४ साली १२ कंपन्यांच्या ई-सिगारेटचं धुकं तपासून सिगारेटच्या धुराशी ताडून पाहिलं गेलं. फॉर्माल्डिहाइड ९ पट कमी, ॲक्रोलिन १५ पट कमी, एनएनके हे तंबाखूतलं कुप्रसिद्ध कर्करोगकारक नायट्रोसामाइन ४० पट कमी, टोल्युइन १२० पट कमी आणि ॲसिटाल्डिहाइड ४५० पट कमी निघालं. सगळ्यात तोकडा फरक फॉर्माल्डिहाइडचा आहे, कारण ते तंबाखूतून येत नाही, ग्लायकॉल आणि ग्लिसरिनच्या मोडतोडीतून येतं. उपकरण नीट वापरलं नाही तर हा नऊ पटींचा फरकही उरत नाही.

धुक्यात किती सापडलं यापेक्षा शरीरात किती उतरलं हे महत्त्वाचं. २०१७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात, निदान सहा महिने फक्त व्हेप ओढणाऱ्यांच्या लघवीत एनएनएएल, म्हणजे एनएनकेचं शरीरात होणारं रूप, सिगारेटवाल्यांपेक्षा ९७ टक्के कमी होतं. त्याच अभ्यासात सिगारेट आणि व्हेप दोन्ही ओढणाऱ्यांना मात्र फारसा फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पाथ या पाहणीतून ५,१०५ जणांच्या तपासण्यांवरचा निबंध आला. त्यात दोन्ही ओढणाऱ्यांच्या शरीरातली बहुतेक विषद्रव्यं निव्वळ सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त भरली. फक्त व्हेपवाल्यांची पातळी सिगारेटवाल्यांपेक्षा बरीच खाली होती, पण काहीच न ओढणाऱ्यांपेक्षा नायट्रोसामाइन, शिसं, कॅडमियम ही वरच होती.

म्हणजे फायदा होतो तो सिगारेट पूर्ण सुटल्यावर. घरी व्हेप आणि ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर एक सिगारेट, या बेतात हाती काही लागत नाही. हृदयाचा हिशेब तर आणखी कडक आहे. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या विसावा हिस्सा नसतो. तो जवळपास निम्मा असतो. वीसवरून एकवर येणं मनाला मोठं वाटतं, रक्तवाहिन्यांना तितकं वाटत नाही.

करपलेला झुरका

व्हेप कायदेशीर असलेल्या देशात, म्हणजे इंग्लंड, युरोप किंवा न्यूझीलंडमध्ये राहून कुणी सिगारेट सोडण्यासाठी तो वापरत असेल, तर त्याच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तापमान आहे.

ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरिन २९० ला. वात ओली असेपर्यंत उडणारं लिक्विड कॉइलला थंड ठेवतं, तापमान त्या मर्यादेपलीकडे फारसं जात नाही. वात सुकली की तार झपाट्याने तापते, ग्लिसरिनचं ॲक्रोलिन होतं, दोन्हींचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि कापूस करपतो. २०१५ साली एका छोट्या अमेरिकी प्रयोगात ३.३ व्होल्टवर दडलेलं फॉर्माल्डिहाइड सापडलं नाही, ५ व्होल्टवर भरपूर सापडलं, आणि ‘व्हेप सिगारेटहून वाईट’ अशा बातम्या झाल्या. टीकाकारांचं म्हणणं असं की त्या व्होल्टेजला झुरका इतका करपट लागतो की माणूस दुसरा घेणार नाही, यंत्राला मात्र चव कळत नाही. टीका रास्त होती. पण तिचा अर्थ असाही होतो की करपट चव हा तुमचा एकमेव इशारा आहे, आणि गोड, थंडगार स्वाद नेमका तोच झाकतात.

गणित सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १.८ ओहमच्या कॉइलवर ३.३ व्होल्ट दिले तर सहा वॅट होतात, ५ व्होल्ट दिले तर जवळपास चौदा. व्होल्ट दीडपट, उष्णता सव्वादोन पटींहून जास्त.

कॉइल नवी बसवताना वातीच्या कापसावर लिक्विडचे तीन-चार थेंब सोडा, टँक, म्हणजे लिक्विडची टाकी, भरा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. घाई केली तर पहिल्याच झुरक्यात मधला कोरडा कापूस जळतो, आणि ती कॉइल मग कितीही भिजवा, सुधारत नाही. कॉइलच्या अंगावर वॅटची पट्टी छापलेली असते, उदाहरणार्थ १० ते १४. खालच्या टोकापासून सुरू करा आणि धूर दाट दिसावा म्हणून वर चढवत नेऊ नका. दोन झुरक्यांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या, तेवढ्यात वात पुन्हा भिजते. टँकमधली पातळी कॉइलच्या भोकांखाली उतरली की थांबून भरा. ग्लिसरिन जास्त असलेलं घट्ट लिक्विड पॉडच्या, म्हणजे छोट्या उपकरणातल्या काडतुसाच्या, बारीक भोकांतून पुरेसं शोषलं जात नाही. त्यात ग्लायकॉल आणि ग्लिसरिन निम्मं-निम्मं असलेलंच वापरा.

कॉइल साधारण एक ते तीन आठवडे टिकते. सुक्रालोजसारखं गोड घातलेल्या लिक्विडमध्ये त्याहून कमी, कारण साखरेसारखा काळा थर तारेवर बसतो आणि तोच पुढे जळत राहतो. जुनी कॉइल काढून पाहा: कापूस फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि कडक झाला असेल तर तुम्ही काही दिवस उशीर केलात. करपट चव आली की उरलेलं संपवायचं म्हणून दोन झुरके जास्त घेऊ नका.

लेबलावरचं निकोटिन

टक्क्यांना दहाने गुणलं की मिलीमागे किती मिलिग्रॅम ते कळतं. २ टक्के म्हणजे २० मि.ग्रॅ., ५ टक्के म्हणजे ५० मि.ग्रॅ. युरोपीय संघ आणि इंग्लंडमध्ये कमाल मर्यादा २० मि.ग्रॅ. आहे, निकोटिनची रिफिल बाटली १० मिलीपेक्षा मोठी चालत नाही आणि टँक २ मिलीपेक्षा मोठा चालत नाही. २ मिलीच्या पूर्ण टँकमध्ये फार तर ४० मि.ग्रॅ. निकोटिन झालं. आता मुंबई-पुण्यात चोरून विकल्या जाणाऱ्या १० मिली, ५ टक्क्यांच्या एका नळीचा, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेपचा, हिशेब करा: ५०० मि.ग्रॅ. यातलं सगळं शरीरात जात नाही, पण तुलनेसाठी एवढं लक्षात ठेवा की एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मि.ग्रॅ. निकोटिन रक्तात पोचतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला या नळीची तलफ इतक्या लवकर का लागते, ते त्या ५०० मध्ये दिसतं. शिवाय यातलं निकोटिन ‘सॉल्ट’ रूपातलं असतं, ते घशाला बोचत नाही, त्यामुळे थांबवणारं असं काहीच उरत नाही.

सिगारेट सोडणाऱ्याची चूक बरोबर उलटी असते. तो पहिल्याच आठवड्यात ‘कमी वाईट’ म्हणून ३ किंवा ६ मि.ग्रॅ.चं लिक्विड घेतो. तलफ भागत नाही, झुरके लांबतात, वॅट वाढवले जातात, दिवसाला जास्त लिक्विड जळतं आणि त्याबरोबर फॉर्माल्डिहाइडही वाढतं. इंग्लंडमध्ये १८ आणि ६ मि.ग्रॅ.ची तुलना केली तेव्हा हेच दिसलं. आणि तरीही तलफ उरली की माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो. दिवसाला पंधरा-वीस सिगारेट ओढणाऱ्याने सुरुवात १८-२० पासून करावी, सिगारेट सुटून दोन-तीन महिने झाल्यावर मग हळूहळू उतरावं. उतरतानाही आधी दोन झुरक्यांमधलं अंतर वाढवा, मि.ग्रॅ. मागाहून कमी करा.

‘निकोटिन फ्री’ लिहिलेल्या नळीत निकोटिन नसेल, बाकीचं सगळं असतं: तापणारी तार, ग्लिसरिन, स्वाद, धातू.

धातू: स्वस्त नळी महाग पडते

कॉइलची तार बहुधा निकेल-क्रोमियमची किंवा लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची असते, आणि जोडांत कथील, तांबं, कधी शिसं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली वापरणाऱ्यांचीच उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडमध्ये नगण्य असलेले शिसं, निकेल, क्रोमियम कॉइलमधून गेल्यावर धुक्यात कितीतरी वाढलेले होते. म्हणजे ‘लिक्विड शुद्ध आहे’ या दाव्याने अर्धीच गोष्ट कळते.

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी वापरून फेकायच्या नळ्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका नळीने दिवसभराच्या वापरात जवळपास वीस पाकिटं सिगारेटींपेक्षा जास्त शिसं सोडलं. कारण साधं होतं: आतले काही भाग शिसंमिश्रित कांस्याचे, आणि लिक्विड महिनोन्‌महिने त्यांच्यावर मुरत पडलेलं. हे सगळ्या उपकरणांना लागू नाही, मोजक्या ब्रँडांची तपासणी होती. पण अशा नळीचं पोट उघडता येत नाही, आत काय आहे ते दिसत नाही, आणि हजारो झुरक्यांची हमी देणाऱ्या नळीत तीच तार शेवटपर्यंत चालते. कॉइल बदलता येणारं उपकरण त्या मानाने हाताळता येतं. कित्येक दिवस न वापरलेल्या टँकमधलं लिक्विड गडद झालं असेल तर ओतून द्या आणि कॉइलही बदला. इंग्लंडमध्ये १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीला बंदी आहे. ती मुख्यतः कचरा आणि मुलांच्या वापरामुळे आली, धातूमुळे नव्हे.

स्वाद, आणि तेलाची भेसळ

लोण्यासारख्या स्वादासाठी डायअसिटिल वापरतात. पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना त्याच्या वाफेने फुप्फुसाच्या बारीक नळ्यांचा कायमचा आजार झाला. २०१५ साली हार्वर्डमध्ये ५१ स्वादांपैकी ३९ मध्ये ते सापडलं. सिगारेटच्या धुरातही डायअसिटिल असतं आणि बरंच जास्त असतं, हे त्या बातमीत सहसा नसतं. युरोप आणि इंग्लंडमधल्या नियंत्रित लिक्विडमधून ते काढून टाकलेलं आहे. कस्टर्ड, बटरस्कॉच, दालचिनी आणि चेरी हे स्वाद टाळलेले बरे. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड पेशींना त्रास देतं, चेरीतून बेंझाल्डिहाइड येतं. ‘खाण्यायोग्य’ असा शिक्का पोटासाठी असतो.

तेलाच्या बाबतीत मात्र ‘टाळलेलं बरं’ म्हणून भागत नाही. तेलकट काहीही व्हेपमध्ये घालू नका: गांजाचं तेल, सीबीडीचं तेल, व्हिटॅमिन ई, निलगिरी, घरचं खोबरेल, काहीही. २०१९ साली अमेरिकेत धडधाकट तरुण श्वास लागून दवाखान्यात भरती होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातलं पाणी तपासलं तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट निघालं. चोरट्या बाजारातल्या गांजाच्या काडतुसांत दाटपणा आणायला ते मिसळलं जात होतं. आधी खोकला, ताप, मळमळ, जुलाब, मग काही दिवसांत दम लागणं असा तो क्रम होता, म्हणून सुरुवातीला पोटाचा विकार किंवा फ्लू वाटायचा. अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना व्हेप ओढतो हे आपणहून सांगा, घरच्यांसमोर नको असेल तर त्यांना बाहेर थांबवून सांगा. निदान त्या एका वाक्यावर अवलंबून असतं.

स्वतःच्या शरीरात मोजायचं कसं

सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी तपासणी श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची. तंबाखूमुक्ती केंद्रांत आणि बऱ्याच दंत महाविद्यालयांत तिचं छोटं यंत्र असतं; आधी फोन करून विचारा. खोल श्वास घ्या, पंधरा सेकंद रोखून धरा, मग नळीत सावकाश आणि पूर्ण सोडा. अर्धवट सोडला तर आकडा खोटा कमी येतो, कारण मोनॉक्साइड शेवटच्या हवेत असतो. ० ते ६ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) म्हणजे धूम्रपान नाही, १० च्या वर बहुधा आहे. मधल्या आकड्यांवर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. चाचणी दुपारनंतर करा: मोनॉक्साइड दर चार ते सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे रात्रभर झोपून उठलेल्याचा आकडा फसवा असतो. चुलीचा धूर, हुक्का आणि बंद खोलीतली शेगडी आकडा चढवतात. दूध न पचणाऱ्यांच्या श्वासातला हायड्रोजन काही यंत्रांना मोनॉक्साइड वाटतो.

व्हेपवर पूर्ण उतरलेल्याचा आकडा दोन दिवसांत न ओढणाऱ्यासारखा यायला हवा. आला नाही आणि वरची दुसरी कारणंही नसतील तर कुठेतरी सिगारेट चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना रागवायची गरज नाही, यंत्र बोलतं.

कोटिनीन ही लघवीतली किंवा रक्तातली चाचणी निकोटिन दाखवते, विष नव्हे. व्हेप, गम, पॅच, खर्रा, सिगारेट, सगळ्यांनी ती पॉझिटिव्ह येते. विमा कंपनीच्या तपासणीत नेमकी हीच असते, म्हणून अर्जावर ‘धूम्रपान करत नाही’ लिहिताना व्हेप किंवा गम चालू असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. सगळं थांबवल्यावर ती बहुधा तीन-चार दिवसांत उतरते.

एनएनएएल साध्या लॅबमध्ये होत नाही, पण त्याचं वागणं माहीत असावं. ते शरीरातून सावकाश जातं, आठवडेच्या आठवडे मागे रेंगाळतं. आणि ते तंबाखू चघळणाऱ्यांतही भरपूर असतं. सिगारेट सोडून व्हेपवर आलेला, पण जेवणानंतर एक पुडी तोंडात टाकणारा माणूस व्हेपचा सगळ्यात मोठा फायदा त्या पुडीत गमावतो. ९७ टक्क्यांचा आकडा त्याच्यासाठी नाही.

भारतात काय करायचं

भारतात ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम सप्टेंबर २०१९ मध्ये निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठवणीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. तंबाखूच्या कांड्या तापवणारी उपकरणंही यात आली. लंडनहून सुट्टीला येणाऱ्यांनी व्हेप किंवा ही उपकरणं बॅगेत टाकू नयेत, आणि सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी तर मुळीच नाही, तिथे जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

बंदीचा रसायनांशी थेट संबंध असा की इथे मिळणारी प्रत्येक नळी बिनतपासणीची आहे. वर कुठला देश छापला आहे त्याला अर्थ नाही. इंग्लंड आणि जॉन्स हॉपकिन्सचे सगळे आकडे माहीत असलेल्या उपकरणांचे आहेत, दादरच्या गल्लीतल्या नळीचे नव्हेत. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात निकोटिनची व्हेप गम-पॅचपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सोडवते असं निघालं आहे, हे खरं, आणि इंग्लंडमधल्या मराठी माणसाने एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, केंद्रात जाऊन त्याचा फायदा जरूर घ्यावा. महाराष्ट्रात तो पर्याय उपलब्ध नाही. इथे कायदेशीर आणि तपासलेलं निकोटिन औषधाच्या दुकानात मिळतं, त्यात धूरही नाही आणि तापणारी तारही नाही.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मि.ग्रॅ.चा निकोटिन गम, नाहीतर २ मि.ग्रॅ.चा. २ मि.ग्रॅ. चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. बहुतेकांचा गम फसतो तो चघळण्याच्या पद्धतीमुळे. च्युइंगगमसारखा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, तलफ तशीच. दहा-बारा वेळा सावकाश चावा, तिखट झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा चावा, बाजू बदला. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. चहाबरोबर सिगारेटची सवय असलेल्यांचं इथेच बिनसतं, म्हणून चहा आधी, पंधरा मिनिटांनी गम.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे. पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर नाही. रोज दहाहून जास्त सिगारेट असतील तर २१ मि.ग्रॅ.चा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. दंडावर किंवा पाठीवर केस नसलेल्या कोरड्या जागी लावा, रोज जागा बदला, वाईट स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढा. पॅच आणि गम एकत्र वापरता येतात, आणि जुन्या, जड व्यसनात एकट्यापेक्षा ही जोडी जास्त चालते. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरच देतील. गरोदर बायका, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अठराच्या आतली मुलं यांनी गमही विचारल्याशिवाय घेऊ नये.

तंबाखू मळणाऱ्यांनी गमचं हेच वेळापत्रक धरावं, फक्त पुडी आणि गम एकाच दिवशी नको, निकोटिन दुप्पट होऊन मळमळ आणि धडधड होते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक १८००-११-२३५६ हा मोफत आहे.

घरात व्हेपची नळी किंवा लिक्विडची बाटली असेल तर ती औषधासारखी कुलपात ठेवा. १० मिली, २० मि.ग्रॅ.च्या बाटलीत २०० मि.ग्रॅ. निकोटिन असतं आणि तिला आंब्याचा वास येतो. लहान मुलाने घोटभर प्यायलं तर उलटी, घाम, लाळ, थरथर, झटके असा क्रम काही मिनिटांत सुरू होऊ शकतो. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली दवाखान्यात सोबत न्या, लेबलावरच्या आकड्यावरून डॉक्टरांना मात्रा काढता येते. अंगावर सांडलं तर कपडे काढून साध्या वाहत्या पाण्याने धुवा.